लहान नौकांमधील विद्युत तारजोडणी

लहान नौकांमधील विद्युत तारजोडणी म्हणजे मासेमारी होडी, शिडाची नौका, प्रवासी लाँच किंवा हाउसबोट यांवर बॅटरीपासून दिवे, पंप, रेडिओ व इतर उपकरणांपर्यंत वीज पोहोचवणाऱ्या तारा, फ्यूज आणि स्विच यांची व्यवस्था होय. मोठ्या जहाजांची विद्युतव्यवस्था वर्गीकरण संस्थांच्या नियमांनुसार बांधली व तपासली जाते; भारतात हे काम १९७५ साली स्थापन झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था करते. लहान नौकेची तारजोडणी मात्र पुष्कळदा मालक स्वतः करतो किंवा घराचे वायरिंग करणाऱ्या कारागिराकडून करवून घेतो. या कामातील बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. घरातील किंवा मोटारीतील विजेच्या सवयी पाण्यावर जशाच्या तशा नेल्या जातात. बंदरात अशा चुका सहसा लक्षात येत नाहीत, कारण बॅटरी भरलेली असते, जोड कोरडे असतात आणि दिवे लागतात. त्या उघड होतात त्या किनारा दूर असताना.

कमी दाब, मोठा प्रवाह

लहान नौकांवर सामान्यतः १२ किंवा २४ व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह वापरतात. या दाबाने कोरड्या हाताला झटका बसत नाही, म्हणून ही वीज निरुपद्रवी आहे असा समज रूढ आहे. झटक्यापुरता तो बराचसा बरोबर आहे, आगीच्या बाबतीत मात्र साफ चुकीचा आहे. १२० वॅटचे उपकरण २३० व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर प्रवाह घेते; तेच काम १२ व्होल्टवर करण्यासाठी १० अँपिअर लागतात. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे घरात ज्या जाडीची तार पुरते ती नौकेवर अपुरी ठरते.

तार बारीक असली की दाबाची घटही मोठी होते. समजा, बॅटरीपासून ६ मीटर अंतरावरील उपकरण १० अँपिअर प्रवाह घेते आणि त्यासाठी १.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार वापरली आहे. प्रवाहाला जायचेही असते आणि परतायचेही, म्हणून हिशेबात तारेची लांबी १२ मीटर धरावी लागते. नवशिक्या माणसाकडून बहुधा हीच गोष्ट राहून जाते. १२ मीटर तारेचा रोध सुमारे ०.१४ ओहम भरतो आणि वाटेतच १.४ व्होल्ट खर्च होतात. म्हणजे जवळजवळ १२ टक्के दाब उपकरणापर्यंत पोहोचतच नाही. हीच तार ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट ०.३५ व्होल्टवर, सुमारे ३ टक्क्यांवर येते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकात नौकानयनाचे दिवे आणि दळणवळणाची साधने यांसारख्या महत्त्वाच्या मंडलांसाठी ३ टक्के आणि इतर मंडलांसाठी १० टक्के घट ही मर्यादा धरली आहे. लहान नौकांच्या विद्युतव्यवस्थेसाठी आयएसओ १३२९७ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

हे आकडे केवळ कागदावरचे नाहीत. तंतूच्या दिव्याचा दाब १० टक्क्यांनी घटला की त्याचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १२ मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेचे लाल व हिरवे बाजूदिवे किमान १ सागरी मैलावरून आणि मागचा पांढरा दिवा २ सागरी मैलांवरून दिसले पाहिजेत. मंद दिवा नौकेवरच्या माणसाला पेटलेला दिसतो, समोरून येणाऱ्या जहाजाला दिसत नाही. व्हीएचएफ रेडिओचे वर्तन याहून फसवे असते. नुसते ऐकताना तो अगदी थोडा प्रवाह घेतो, त्यामुळे बारीक तारेवरही स्वच्छ ऐकू येते आणि यंत्र ठीक असल्याची खात्री पटते. २५ वॅट शक्तीने बोलू लागताच त्याला ५ ते ६ अँपिअर लागतात, दाब कोसळतो आणि संच बंद पडतो किंवा संदेश क्षीण जातो. संकटाच्या वेळी १६ क्रमांकाच्या वाहिनीवरून मदत मागणाऱ्याला इतरांचे बोलणे ऐकू येत राहते, त्याचे मात्र कोणालाच ऐकू जात नाही. म्हणून रेडिओची चाचणी इंजिन बंद ठेवून, प्रत्यक्ष बोलून घेतात.

एलईडी दिव्यांमुळे प्रवाहाची गरज पुष्कळ कमी झाली असली तरी त्यांनी नवी अडचण आणली. हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यांतील विद्युतमंडले रेडिओच्या कंप्रतांवर गोंगाट करतात. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ साली याविषयी सावधगिरीची सूचना प्रसिद्ध केली होती. दिवा लावल्यावर रेडिओवरची खरखर वाढते का, हे पाहण्याची साधी कसोटी पुरेशी असते.

फ्यूज कोणासाठी

फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो हा समज सर्वत्र आढळतो. मुळात तो तारेच्या रक्षणासाठी असतो. भरलेली मोठी शिसे-आम्ल बॅटरी लघुमंडल झाल्यास क्षणात हजाराहून अधिक अँपिअर प्रवाह देऊ शकते. तेवढ्या प्रवाहात सामान्य तार लालबुंद होऊन तिचे आवरण पेट घेते. यावरून फ्यूजची जागाही ठरते. तो उपकरणापाशी बसवल्यास बॅटरीपासून तेथपर्यंतची सगळी तार उघड्यावर राहते, आणि घासून सोलवटण्याचा धोका नेमका याच भागाला अधिक असतो. उपरोक्त अमेरिकी मानकानुसार फ्यूज वीजस्रोतापासून ७ इंचांच्या, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटरच्या आत हवा. तार संरक्षक नळीतून नेली असल्यास काही सवलती आहेत.

फ्यूजचे मान त्या मंडलातील सर्वांत बारीक तारेला झेपेल एवढेच ठेवावे लागते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी मोठ्या मानाचा फ्यूज किंवा तांब्याच्या तारेचा तुकडा लावणे ही घरोघरची युक्ती आहे. नौकेवर तिचा परिणाम एवढाच होतो, की फ्यूजऐवजी तार वितळते, आणि ती लाकडाच्या किंवा फायबरच्या भिंतीमागे वितळते.

बिल्ज पंपाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष नाजूक आहे. नौकेच्या तळातील ज्या पोकळीत पाणी साचते तिला बिल्ज म्हणतात आणि तेथील पाणी पंपाने बाहेर काढतात. हा पंप मुख्य स्विचच्या पुढे जोडला, तर मालक स्विच बंद करून घरी गेल्यावर पंपही बंद राहतो, आणि धिम्या गळतीने नांगरलेली नौका रात्रीतून बुडू शकते. म्हणून स्वयंचलित पंप मुख्य स्विच टाळून थेट बॅटरीला, परंतु स्वतःच्या फ्यूजमधून जोडतात. या पंपात कचरा अडकला की तो फिरायचा थांबतो आणि नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह घेतो. निर्मात्याने सांगितलेल्या मानाचा फ्यूज असेल तर तो उडतो; मोठा असेल तर पंपाचे वेटोळे जळते.

तार आणि जोड

घरगुती वायरिंगमधील एकसंध, जाड तांब्याची तार इंजिनाच्या कंपनांनी आणि लाटांच्या हादऱ्यांनी थकून आतल्या आत तुटते. बाहेरचे आवरण शाबूत असल्याने दोष सापडणेही कठीण जाते. नौकेसाठी अनेक बारीक तंतूंची लवचीक तार घेतात, आणि तीही कलई केलेली. तांब्यापितळेच्या भांड्यांना कथिलाचा मुलामा देतात त्याच तत्त्वावर येथे प्रत्येक तंतूवर कथिलाचा थर असतो. कलई नसलेल्या तारेत खारट ओल तंतूंमधील फटींतून केशाकर्षणाने आत शिरते. काही काळाने टोकापासून हातभर आतपर्यंत तांबे काळे पडलेले दिसते. अशा तारेचे टोक कापून नवा जोड दिला तरी तो टिकत नाही. भारतीय बाजारात घरगुती तार कोठेही मिळते आणि कलई केलेली तार शोधावी लागते. चुकीची तार वापरली जाण्याचे हे बहुधा सर्वांत साधे कारण असावे.

तारा पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळणे हा सर्वांत वाईट जोड होय. केवळ डाख देऊन केलेला जोड दिसायला भक्कम असला तरी मानकांना तो मान्य नाही. डाख तंतूंमध्ये झिरपून तेवढा भाग ताठ करतो आणि ताठ भाग जेथे संपतो तेथेच तार कंपनांनी मोडते. शिवाय जोड तापल्यास डाख वितळून तार सुटते. योग्य मापाचा लग योग्य अवजाराने दाबून बसवणे आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवणे ही मान्य पद्धत आहे. पक्कडीने चेपलेला लग हाताने ओढल्यावर निघून येतो, यातच त्याची परीक्षा होते. तारा बिल्जच्या पाण्याच्या पातळीच्या वर, ठरावीक अंतरावर आधार देऊन न्याव्या लागतात. होकायंत्राजवळून जाणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळून घेतात, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना छेदतात. हे न केल्यास दिवा लावताच होकायंत्राची सुई थोडी सरकते, आणि रात्री दिवा तर लागलेलाच असतो.

भरकटलेला प्रवाह

मोटारीत प्रवाहाच्या परतीसाठी गाडीचा पत्राच वापरतात. नौकेवर हीच पद्धत उचलणे ही महागडी चूक ठरते. येथे प्रत्येक उपकरणासाठी जाणारी आणि परतणारी अशा दोन स्वतंत्र तारा लागतात. परतीचा प्रवाह धातूच्या सांगाड्यातून गेला किंवा धन तारेचा ओला जोड बिल्जच्या पाण्याला टेकला, तर प्रवाह नौकेच्या धातूच्या भागांतून समुद्रात उतरतो, आणि ज्या जागी तो धातू सोडून पाण्यात जातो तेथील धातू विरघळू लागतो. फॅराडेच्या विद्युतविघटनाच्या नियमानुसार १ अँपिअर प्रवाह सतत वाहत राहिल्यास वर्षाला सुमारे ९ किलोग्रॅम लोखंड किंवा १० किलोग्रॅम तांबे विरघळते. तांब्याचा हिशेब दिवसाला २८ ग्रॅमचा होतो. नौकेच्या तळाला पाण्याच्या नळासाठी कांस्याची झडप असेल तर अशी गळती काही आठवड्यांत तिला पोखरू शकते, आणि झडप निखळली की तळाला भोक पडते. जस्ताचे बळी ध्रुव दोन भिन्न धातूंमधील नैसर्गिक क्षरण रोखतात. भरकटलेल्या प्रवाहापुढे मात्र ते फार काळ टिकत नाहीत. ध्रुव नेहमीपेक्षा वेगाने झिजत असेल तर नवा बसवण्याआधी तारा तपासणे इष्ट असते.

बॅटरी आणि वायू

शिसे-आम्ल बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सोडते. हवेतील त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की मिश्रण ठिणगीने स्फोट पावते. हायड्रोजन हलका असल्याने बॅटरीच्या पेटीला वरच्या बाजूस झरोका ठेवतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बिल्जमध्ये साचते, म्हणून पेट्रोल इंजिनाच्या कक्षात ठिणगीबंद असल्याचे प्रमाणित केलेलीच विद्युत उपकरणे चालतात. मोटारीचा स्वस्त सुटा भाग येथे बसवणे जिवावर बेतू शकते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांचा वापर अलीकडे वाढत आहे. शिसे-आम्ल बॅटरी काढून तिच्या जागी ही ठेवली की काम झाले, असे नसते. तिचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने ती इंजिनावरील अल्टरनेटरकडून दीर्घकाळ पूर्ण प्रवाह ओढते आणि तो तापून जळू शकतो. तिचे नियंत्रक मंडल एकाएकी तोडले गेल्यास अल्टरनेटरचा दाब उसळतो व त्यातील डायोड निकामी होतात. चालू इंजिनावर बॅटरीचा मुख्य स्विच बंद केल्यानेही हाच प्रकार घडतो.

किनाऱ्यावरील वीज

धक्क्याला लागलेली नौका २३० व्होल्टची वीज घेते तेव्हा प्रश्न थेट प्राणाचा होतो. धक्क्यावरील अर्थिंगच्या तारेमुळे शेजारच्या नौकांचे धातू एकमेकांशी जोडले जाऊन क्षरण वाढते. ते थांबवण्यासाठी अर्थिंगची तार कापून टाकणे हा उपाय काहींना सुचतो. त्यानंतर नौकेवर कोठेही वीज गळली तर तिला परतीचा मार्ग उरतो तो पाण्यातून. गोडे पाणी मानवी शरीरापेक्षा कमी विद्युतवाहक असल्याने नदीत किंवा सरोवरात जवळ पोहणाऱ्याच्या शरीरातून हा प्रवाह जातो, स्नायू आखडतात आणि चांगला पोहणाराही बुडतो. शरीरावर कोणतीही खूण राहत नसल्याने असा मृत्यू साध्या बुडण्यात जमा होऊ शकतो. योग्य मार्ग म्हणजे अर्थिंग कायम ठेवून तिच्या वाटेवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवणे आणि ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा आरसीसीबी वापरणे.

रंगांचा गोंधळही येथेच घातक ठरतो. भारतीय घरगुती वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रलची, अमेरिकेत ती जिवंत फेजची, तर १२ व्होल्टच्या मंडलात पुष्कळदा ऋण टोकाची असते. यामुळेच एकदिश मंडलाच्या ऋण तारेसाठी पिवळा रंग सुचवला जातो. दोन्ही प्रकारच्या तारा एकाच जुडग्यात नेत नाहीत.

देखभाल

कोकण किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात नौका ओढून, शाकारून ठेवतात. या दिवसांत दमट हवेने जोड गंजतात आणि न भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसून तिची क्षमता कायमची घटते. बॅटरी सोडवून घरी नेणे व अधूनमधून भरणे हा त्यावरील उपाय आहे. हंगामापूर्वी प्रत्येक उपकरण चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवरील आणि उपकरणाच्या टोकांवरील दाब साध्या मल्टिमीटरने मोजतात. दोन्हींतील फरक मागील वर्षापेक्षा वाढला असेल तर त्या मार्गावरील एखादा जोड खराब झालेला असतो, आणि तापलेला जोड हाताने चाचपूनही सापडतो. तारांना क्रमांक देऊन त्यांचा आराखडा कागदावर काढून ठेवलेला असल्यास हे काम तासाभरात उरकते. नसल्यास पुढचा कारागीर जुन्या तारा तशाच सोडून त्यांवरून नव्या ओढतो.