चेहरा रंगवा, पण खिडकी उघडी ठेवून

रोहिणखेडचे एक निवृत्त गुरुजी ओपीडीत आले. संध्याकाळ झाली की डोके जड, चक्कर, मळमळ. रक्तदाब ठीक, चष्म्याचा नंबरही ठीक. ‘डॉक्टरसाहेब, मेंदूत गाठ तर नसेल?’ त्यांनी हळूच विचारले.

दिनक्रम विचारला, तेव्हा उलगडा झाला. पत्नीच्या वर्षश्राद्धापर्यंत तिचे तैलचित्र पूर्ण करायचे म्हणून गुरुजी हे काम नव्याने शिकत होते. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून दार-खिडकी बंद आणि शेजारी टर्पेंटाइनची उघडी वाटी!

तैलरंगातले तेल बहुधा जवसाचे, आपल्या विदर्भातही पिकणाऱ्या. ते पाण्यासारखे उडून जात नाही; हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. त्यामुळे रंग काही दिवस ओला राहतो आणि गालावरची सावली उजेडात हळुवार मिसळता येते. उडते ते टर्पेंटाइन. त्याच्या वाफेने डोळे-घसा चुरचुरतो, डोके दुखते, चक्कर येते. दमेकऱ्यांना त्रास अधिक.

‘चित्र थांबवा,’ असे मी म्हटले नाही. एवढेच सांगितले:

• समोरासमोरच्या खिडक्या उघडा, वाटीवर झाकण ठेवा, तासाभराने बाहेर फिरून या.

• ब्रश ओठांत धरू नका. काही रंगांत शिसे किंवा कॅडमियम असते. साबणाने हात धुऊनच जेवा.

• तेलाची फडकी चुरगाळून साठवू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा.

• टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. मुलाने चुकून प्यायले तर उलटी करवू नका. ते फुप्फुसात जाऊ शकते. थेट रुग्णालय गाठा.

मोकळ्या हवेतही डोकेदुखी राहिली, तर मात्र पुन्हा तपासणी हवीच.

पंधरा दिवसांनी गुरुजी आले. डोकेदुखी गेली होती. ‘पण चेहरा तिचा वाटत नाही,’ म्हणाले. मोबाइलवर चित्र पाहिले. डोळे फार वर गेले होते. आपण चेहऱ्याकडे पाहतो, कवटीकडे नाही. म्हणून शिकाऊ हात कपाळ लहान काढतो. प्रत्यक्षात डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. शरीररचनेच्या वर्गात शिकलेले हे ज्ञान इतक्या वर्षांनी असे कामी आले.

गुरुजींनी डोळे खाली घेतले. वर्षश्राद्धाला चित्र भिंतीवर होते; रंग पुरता सुकला नव्हता, खिडकी उघडी होती.