संवेदकयुक्त फुटबॉल

संवेदकयुक्त फुटबॉल म्हणजे आत बिनतारी संवेदक बसवलेला सामन्याचा चेंडू होय. चेंडूला नेमक्या कोणत्या क्षणी स्पर्श झाला, याची नोंद हा संवेदक मैदानाबाहेरील संगणकाकडे पाठवतो. पुरुषांच्या विश्वचषक स्पर्धेत असा चेंडू प्रथम २०२२ साली कतार येथे वापरण्यात आला. आदिदास कंपनीच्या 'अल रिहला' या चेंडूत किनेक्सॉन या जर्मन कंपनीचा संवेदक होता. ऑफसाइडचे निर्णय जलद व अचूक व्हावेत, हा त्यामागील मुख्य हेतू होता.

पार्श्वभूमी

चेंडूत इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवण्याचे पहिले प्रयत्न ऑफसाइडसाठी नव्हे, तर चेंडूने गोलरेषा ओलांडली की नाही हे ठरवण्यासाठी झाले. आदिदास व कैरोस या कंपन्यांच्या चिपयुक्त चेंडूची चाचणी २००५ साली पेरू येथील १७ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत घेण्यात आली. मात्र मार्च २००८ मध्ये खेळाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटना मंडळाने असे प्रयोग थांबवले. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डने मारलेला चेंडू गोलरेषेच्या बराच आत पडूनही गोल दिला गेला नाही. त्यानंतर वारे फिरले आणि जुलै २०१२ मध्ये मंडळाने दोन प्रणालींना मान्यता दिली. त्यांपैकी 'गोलरेफ'मध्ये चेंडूत तारेची वेटोळी बसवलेली असत, तर 'हॉक-आय' केवळ कॅमेऱ्यांवर चाले. पुढे गोलरेषेच्या कामात कॅमेऱ्यांचीच सरशी झाली.

ऑफसाइडच्या बाबतीत मात्र कॅमेरे अपुरे पडतात. नियमानुसार खेळाडूची जागा त्याच्या सहकाऱ्याने चेंडूला केलेल्या पहिल्या स्पर्शाच्या क्षणी पाहिली जाते. सेकंदाला ५० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमध्ये २० मिलिसेकंदांचे अंतर असते. आक्रमक व बचावपटू परस्परविरुद्ध दिशांना प्रत्येकी सेकंदाला ८ मीटर वेगाने धावत असतील, तर तेवढ्या अवधीत त्यांच्यातील अंतर ३२ सेंटिमीटरने बदलते. म्हणजेच चित्र एकाने पुढेमागे निवडले गेले तरी निर्णय उलटू शकतो. कतारमधील संवेदक सेकंदाला ५०० नोंदी पाठवत असे. त्यामुळे हा फरक सुमारे ३ सेंटिमीटरवर आला.

रचना

संवेदकाच्या केंद्रस्थानी त्वरणमापक व जायरोस्कोप असलेला जडत्वमापक एकक असतो. त्याला बिनतारी प्रक्षेपक व पुनर्भारित होणारी बॅटरी जोडलेली असते. सामन्यापूर्वी चेंडूत हवा भरली की नाही हे पाहण्याइतकेच तो 'चार्ज' झाला की नाही हे पाहणेही त्यामुळे आवश्यक ठरले.

खरी अडचण इलेक्ट्रॉनिक भागांची नसून त्यांच्या जागेची आहे. नियमांनुसार चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम व परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर असावा लागतो. काही ग्रॅमांचे उपकरण एका बाजूला बसवले तरी चेंडूचा तोल जाऊन तो हवेत डगमगू शकतो. म्हणून 'अल रिहला'मध्ये संवेदक चेंडूच्या मध्यभागी, ब्लॅडरच्या आत अधांतरी ताणून धरलेला होता. या जागेचा आणखी एक लाभ असा की, चेंडूच्या फिरकीचा त्वरणाच्या मापनावर फारसा परिणाम होत नाही. सेकंदाला १० फेरे घेणाऱ्या चेंडूच्या पृष्ठभागाशी असलेल्या संवेदकाला केवळ फिरकीमुळेच गुरुत्वत्वरणाच्या ४० पटींहून अधिक त्वरण जाणवेल. मध्यभागी ते जवळजवळ शून्य असते. असे असूनही २०२६ च्या विश्वचषकासाठी तयार केलेल्या 'ट्रायोंडा' या चेंडूत संवेदक एका बाजूच्या पट्टीत बसवण्यात आला व उरलेल्या तीन पट्ट्यांत समतोलासाठी वजने घालण्यात आली.

वापर व मर्यादा

कतारमध्ये छताखालील १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदूंचा सेकंदाला ५० वेळा मागोवा घेत. चेंडूकडून मिळालेला स्पर्शाचा क्षण या माहितीशी जोडून संगणक ऑफसाइडची सूचना देई, परंतु व्हिडिओ सहायक पंचांनी पडताळल्यावरच ती मैदानावरील पंचांकडे जाई. म्हणूनच या व्यवस्थेला 'अर्धस्वयंचलित' म्हणतात. स्पर्शाचा क्षण अधिक काटेकोरपणे कळत असला, तरी खेळाडूचा पाय त्या क्षणी कोठे होता हे अजूनही कॅमेऱ्यांच्या दोन चित्रांवरूनच ठरवावे लागते.

चेंडूला स्पर्श झाला की नाही, एवढाच प्रश्न असतो तेव्हा संवेदकाची साक्ष अधिक ठाम ठरते. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी उरुग्वेविरुद्ध पोर्तुगालचा पहिला गोल क्रिस्तियानो रोनाल्डोचा की ब्रुनो फर्नांडिसचा, असा वाद झाला. रोनाल्डोजवळून जाताना चेंडूवर कोणतेही बाह्य बल नोंदले गेले नसल्याचे आदिदासने जाहीर केले व गोल फर्नांडिसच्या नावावर राहिला.

युरो २०२४ मध्ये हँडबॉलच्या निर्णयांसाठीही हे तंत्र वापरले गेले. जर्मनीविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात डेन्मार्कच्या योआकिम अँडरसनचा गोल सहकाऱ्याच्या पायाचे बोट पुढे असल्याने ऑफसाइड ठरला. काही मिनिटांतच अँडरसनच्या हाताला चेंडू निसटता लागल्याचे संवेदकाच्या आलेखावर उमटले आणि जर्मनीला पेनल्टी मिळाली. पडद्यावरील तो आलेख क्रिकेटमधील स्निकोमीटरसारखा दिसत असला, तरी स्निकोमीटर यष्टीजवळच्या ध्वनिग्राहकाने टिपलेला आवाज दाखवतो, तर येथे नोंद खुद्द चेंडूच्या हालचालीची असते. ती स्पर्श कधी झाला हे सांगते. कोणाचा झाला आणि तो दंडनीय होता की नाही, हे पंचांनाच ठरवावे लागते. डेन्मार्कने तो सामना ०–२ असा गमावला.