चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

जुलाबाने मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. ते भरून काढण्याची वाट आतड्यातच आहे: सोबत साखर असली की आतडे मीठ-पाणी शोषून घेते, अगदी कॉलऱ्यातही. 1968 मध्ये ढाक्याच्या प्रयोगशाळेतील डॉक्टरांनी हे रुग्णांवर सिद्ध केले. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी, म्हणजे जलसंजीवनी, रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती सोपवले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आले. इतका स्वस्त उपाय आपोआप पसरायला हवा होता. पण ज्यात कुणाला फारसा नफा नाही, ते घरोघर नेणार कोण?

बांगलादेशात ते काम ‘ब्रॅक’ या संस्थेने 1980 पासून अंगावर घेतले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. दहा वर्षांत कार्यकर्त्या 1 कोटी 20 लाखांहून अधिक घरांत गेल्या. काही दिवसांनी दुसरा माणूस त्यातल्या काही घरी जाऊन आईला काय आठवते ते विचारी आणि त्यावर कार्यकर्तीचा मेहनताना ठरे. मीठ जास्त पडले तर घातक, म्हणून आयांनी केलेल्या पाण्याचे नमुनेही तपासले जात. तरी एक पेच उरला: आयांना सगळे पाठ, पण वेळ आली की वापर नाही. शोध घेतल्यावर कळले, खुद्द कार्यकर्त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. मग त्यांना या पाण्यामागचे शास्त्र समजावले गेले, आणि बाजारात, मशिदीत पुरुषांशीही बोलणे सुरू झाले. स्वतःची चूक शोधून पगार, प्रशिक्षण, प्रचार बदलणारी ही रचना मला मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते.

ही तर साधी प्रचारमोहीम, असे कुणी म्हणेल. पण प्रचार सांगून मोकळा होतो. इथे सांगितलेले पोहोचले का, हे मोजले जात होते. तयार पुड्यांनी भागले असते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुड्या पुढे आल्या, खपल्याही. मात्र त्या मागणारे गिऱ्हाईक बरेचसे या शिकवणीने घडवले होते. बालमृत्यू घटले त्यात लसीकरणाचा, मुलींच्या शिक्षणाचाही वाटा आहे. सगळे श्रेय गुळाला देता येणार नाही. पण घरोघर पोहोचवण्याचे काम आपोआप होत नाही: बनगाव भारतात आहे, आणि तरीही 2019-21 च्या भारतातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे 60 टक्क्यांनाच जलसंजीवनी मिळाली होती.