छपाईला जाण्यापूर्वी

बेंगळुरू शहराच्या वायव्येस पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. सुटे भाग, यंत्रे आणि तयार कपडे यांच्या असंख्य लहानमोठ्या कारखान्यांबरोबरच छपाईची व वेष्टननिर्मितीची कामेही तेथे चालतात. औषधाच्या एकाच खोक्यावर कन्नड, इंग्रजी, हिंदी आणि मराठी मजकूर असू शकतो. यंत्र चालविणाऱ्या कारागिराला या सर्व भाषा येतीलच असे नाही. त्याच्याकडे आलेली संगणकीय फाइल तो जशीच्या तशी कागदावर उतरवितो. म्हणून छपाईतील बऱ्याच चुका यंत्रावर होत नाहीत, त्या फाइलमध्येच दडलेल्या असतात.

पहिली अडचण रंगांची. संगणकाच्या पडद्यावरील चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने बनते. कागदावर मात्र आकाशी, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाया वापरतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, तेव्हा प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. आज दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची पातळ प्लेट आली आहे. एका रंगाला एक प्लेट, हे तत्त्व मात्र तेच आहे. फाइल या चार रंगांत आधीच बदलून घेतली नाही, तर पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मलूल दिसतो आणि ग्राहक छापखान्याला दोष देतो. बारीक अक्षरे केवळ काळ्या शाईतच ठेवावीत. ती चारही रंगांत विभागली गेली आणि एखादी प्लेट केसभर सरकली, तर अक्षरांना रंगीत किनार येते.

चित्राची स्पष्टता साध्या भागाकाराने कळते. छपाईसाठी सामान्यतः दर इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे १२०० ठिपके रुंदीचे छायाचित्र ४ इंचांपर्यंतच नीट छापता येते. भ्रमणध्वनीवर सुरेख दिसणारे बोधचिन्ह मोठ्या फलकावर फुटते, ते यामुळेच.

कागद कापताना सुरी किंचित इकडेतिकडे होतेच. पार्श्वरंग नेमका कडेशी थांबविला असेल, तर पांढरी रेघ उरते. यासाठी रंग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर वाढवितात. छापखान्यात याला ‘ब्लीड’ म्हणतात. १४८ × २१० मिलिमीटरच्या पत्रकाची फाइल त्यामुळे १५४ × २१६ मिलिमीटरची होते. मजकूर मात्र कडेपासून आतच असावा.

मराठी मजकुराच्या बाबतीत खरी कसोटी अक्षरांची असते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी वळणे इंग्रजी कळांवर बसविलेली असत. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल, तर परिच्छेदाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. युनिकोडमुळे हा त्रास पुष्कळ कमी झाला. परंतु सजावटीच्या प्रणालीत भारतीय लिप्यांची सोय चालू नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटी होतात. असा बिघाड निदान नजरेत भरतो. ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’ छापले गेले, तर मराठी न जाणणाऱ्याला काहीच खटकत नाही. डोंगरातील दऱ्यांचा मात्र समुद्र झालेला असतो! औषधाच्या मात्रेचा आकडा चुकला, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

यावर उपाय म्हणजे पीडीएफ करताना फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट करणे, किंवा अक्षरांचे रेखाकृतींत रूपांतर करणे. रूपांतरित अक्षरे पुन्हा टंकलिखित मजकुरासारखी सुधारता येत नाहीत, म्हणून मूळ प्रत वेगळी जपावी लागते.

शेवटी छापखाना मंजुरीसाठी नमुना पाठवितो. तो मराठी जाणणाऱ्या व्यक्तीने कागदावर, मूळ मजकुराशी ताडून वाचावा. आकडे दोनदा पाहावेत. मंजुरीची सही झाली की प्लेट तयार होतात, आणि त्यानंतर एक काना बदलायचा झाला तरी त्या रंगाची प्लेट नव्याने करावी लागते.