स्वर्ग आधी, संतपद नंतर

चर्चने संत घोषित केलं की आत्मा स्वर्गात जातो, असं पुष्कळांना वाटतं. क्रम उलटा आहे! आत्मा स्वर्गात पोहोचलाच आहे, अशी खात्री झाल्यावर चर्च तसं जाहीर करतं.

आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया बघा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर बांधून त्यांना भाल्यांनी भोसकलं. संतपद मिळालं थेट १८६२ मध्ये. मधली २६५ वर्षं ते काही स्वर्गाच्या दारात ताटकळत नव्हते. रखडली ती रोममधली फाईल!

एरवी कॅथलिक लोक मृतांसाठी प्रार्थना करतात, स्वर्गाआधी आत्मा जिथे शुद्ध होतो त्या शुद्धिस्थानातून त्यांची लवकर सुटका व्हावी म्हणून. संतासाठी कशाला करतील? उलट त्यालाच साकडं घालतात. आणि स्वर्गात पोहोचलेल्या सगळ्यांचा, अगदी संतांच्या यादीत नाव नसलेल्यांचाही, सण असतो १ नोव्हेंबरला.