रास्त दर मागणारे आपण, रास्त खरेदी करतो का?



गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या गावागावांतून दोनच विषय चालतात, काटा आणि दर. गाडी काट्यावर चढली की आपण आकडा डोळ्यांत तेल घालून पाहतो. उतारा किती लागला, एफआरपी किती बसली, बिल कधी पडणार, याची चौकशी पारावर रोज होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेले आहे. हे आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. एफआरपी म्हणजे 'रास्त व किफायतशीर दर'. यातला 'रास्त' हा शब्द ध्यानात ठेवा.

आता दुसरी बाजू बघू. बिल बँकेत जमा होते, घरात लग्न निघते आणि आपण बस्ता बांधायला संभाजीनगरला गुलमंडीवर किंवा पैठण गेटला जातो. तिथे गादीवर बसल्यावर आपण एकच विचारतो, "शेवटचं किती घेणार?" माल कोणी केला, त्याच्या हातात काय पडले, हे विचारायचे आपल्या मनातही येत नाही. काट्यावर जागा असणारा माणूस दुकानात का झोपतो, हे काही कळत नाही.

करणाऱ्याला त्याच्या कामाचे योग्य दाम मिळाले आहे असा माल पाहून घेणे, याला जगात 'फेअर ट्रेड' म्हणतात. आपण त्याला रास्त व्यापार म्हणू. ही कल्पना परदेशी पुस्तकातली वाटेल, पण तिची सुरुवात आपल्याच मालापासून, म्हणजे साखरेपासून झाली. १७९१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करण्याचे विधेयक फेटाळले. तेव्हा तिथल्या हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर घरात आणणे बंद केले, कारण ती गुलामांच्या घामावर पिकत होती. पुढे १८२० च्या दशकात तर बाजारात साखरेची अशी भांडी आली की ज्यांवर 'ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली' अशा अर्थाचा मजकूर असे. म्हणजे आपल्या देशातली साखर तिथे पुण्याची साखर ठरली! मात्र ती साखर पिकवणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला काय दर मिळाला, हे त्या भांड्यावर लिहिलेले नव्हते.

हा मुद्दा नीट समजून घ्यावा. कोणतीही खूण, कोणताही शिक्का आपल्याला ठराविक प्रश्नाचेच उत्तर देतो. बाकीचे प्रश्न आपणच विचारावे लागतात.

आजचे शिक्के याच वाटेने आले. हॉलंडमध्ये १९८८ साली मेक्सिकोतल्या लहान शेतकऱ्यांच्या कॉफीवर 'मॅक्स हॅवेलार' हा पहिला शिक्का लागला. हे नाव १८६० च्या एका डच कादंबरीचे. जावा बेटावरच्या शेतकऱ्यांची डच राजवटीने केलेली लूट तिच्यात दाखवली आहे. पुढे निरनिराळ्या देशांतल्या अशा संस्था १९९७ मध्ये एकत्र आल्या आणि फेअरट्रेड ही जागतिक संस्था झाली. तिच्या नियमात कॉफीसारख्या मालाला किमान दर ठरवलेला आहे. उसाच्या साखरेला मात्र किमान दर नाही. साखरेच्या टनामागे ६० डॉलर जादा रक्कम उत्पादकांच्या संस्थेला मिळते आणि ती कशावर खर्च करायची हे सभासद ठरवतात. आपल्याकडे विदर्भ, तेलंगण व ओडिशातल्या कापूस उत्पादकांची 'चेतना ऑरगॅनिक' ही संस्था २००४ पासून या पद्धतीने काम करते. पण आपल्या तालुक्याच्या बाजारात असा शिक्क्याचा माल शोधत बसलात तर दिवस जाईल. म्हणून जवळचे उदाहरण घेऊ.

बस्त्यातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे पैठणी. पैठण तर आपल्या जिल्ह्यातलेच. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यालाही मोठ्या प्रमाणावर माग आहेत. खऱ्या पैठणीचे काठ आणि पदर रंगारंगाच्या लहान लहान कांड्यांनी, धाग्यात धागा अडकवत हाताने विणतात. त्यामुळे पदरावरचा मोर किंवा आसावली उलट बाजूनेही तशीच दिसते. यंत्रमागावरच्या 'सेमी पैठणी'च्या मागे मोकळे किंवा कातरलेले धागे लोंबतात. तेव्हा साडी हातात आली की आधी पदर उलटा करावा. रेशमाची शंका आली तर विक्रेत्याकडून दोन धागे मागून जाळून पाहावेत. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात भुगा होते.

सेमी पैठणी विकण्यात काही गैर नाही. तिचे नाव सांगून, तिच्या किमतीत विकली तर तो सरळ धंदा झाला, आणि रोजच्या नेसण्याला ती बरीही पडते. हातमागाची म्हणून गळ्यात मारली तर मात्र तो काटा मारण्याचाच प्रकार होय.

आता शिक्क्यांचे पाहू. 'सिल्क मार्क' हा २००४ पासून आहे. तो फक्त सांगतो की रेशीम शुद्ध आहे. 'हँडलूम मार्क' २००६ चा. तो सांगतो की कापड हातमागावर झाले. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ठरलेल्या भागात, ठरलेल्या पद्धतीने विणली तरच ती पैठणी. तिन्ही खुणा उपयोगी आहेत, जरूर पाहाव्यात. पण विणकराला मजुरी काय मिळाली, हे या तिन्हींपैकी एकही सांगत नाही.

ते काढायचे तर आपल्या शेतकरी पद्धतीने हिशेब मांडावा. दुकानदाराला किंवा विणकराला विचारा, "ही विणायला किती दिवस लागले?" साध्या काठाची, लहान पदराची लवकर उतरते. भरगच्च पदराला महिनोन्महिने जातात. समजा साठ दिवस लागले. रोज ५०० रुपये धरले, जी आज काही फार मोठी मजुरी नव्हे, तर तीस हजार नुसत्या हाताचे झाले. त्यावर रेशीम, जर आणि व्यापाऱ्याचा नफा. अशी साडी कोणी दहा-बारा हजारांत 'अस्सल हातमागाची' म्हणून देत असेल तर दोनच गोष्टी संभवतात, एक तर ती हातमागाची नाही, नाहीतर मागावरचा माणूस उपाशी आहे. उलट, नुसती किंमत जास्त आहे म्हणून पैसे विणकराला पोचले असेही समजू नये. पुष्कळ ठिकाणी व्यापारी रेशीम-जर देतो आणि विणकर नगावर मजुरी घेतो. साडीची किंमत दुकानात वाढली तरी नगाचा दर तोच राहतो. म्हणून शक्य तर विणकराच्या घरून किंवा विणकरांच्या संस्थेकडून घ्यावी. पैठणला जाऊन माग चालताना पाहता येतो, अन् सुनेलाही दाखवता येतो. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर 'हातमाग, शुद्ध रेशीम' असे लिहून मागावे. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात त्या कागदालाच किंमत असते. आपल्या शहराच्या हिमरू शालीचीही हीच कथा. सूत-रेशमाच्या त्या विणीचे हातमाग आता फार थोडे उरले, आणि बाजारात हिमरूच्या नावाने यंत्राचा माल भरपूर आहे.

रोजच्या खरेदीत इतकी चौकशी शक्य नाही, हे मान्य. तिथे सहकार हाच सोपा रस्ता आहे. दूध संघाचे दूध, बचत गटाचे पापड-मसाले, शेतकरी उत्पादक कंपनीची डाळ घेतली की मधले हात कमी होतात. इंग्लंडात रॉचडेलला १८४४ साली विणकर आणि इतर कामगारांनी चोख माप व बिनभेसळीच्या मालासाठी आपले दुकान काढले, त्यातूनच पुढे आपल्या कारखान्यापर्यंतचा सहकार आला. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कुटुंबांचे संघ करून एकत्र माल मागवते. दहा-पंधरा घरांनी मिळून वर्षाची डाळ थेट शेतकऱ्याकडून घेणे आपल्या गावातही जमण्यासारखे आहे. आणि एक जाता जाता. मॉलमधल्या छापील किमतीपुढे मान खाली घालणारे आपण, पाटीवाल्या बाईशी मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करतो. हे काही शोभत नाही.

अखेर, हाच प्रश्न आपल्या साखरेलाही लागू आहे. मोठे खरेदीदार आता विचारतात की ही साखर कोणाच्या हातची? दर आपल्याला मिळाला, पण ऊस तोडला तो बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या टोळीने. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेब मुकादमाच्या वहीत, उचल आधीच घरात खर्च झालेली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी सरकारला समिती नेमावी लागली. कामाचा खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण पुढे आले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती वाढ कोप्यांवरच्या माणसापर्यंत पोचली का, हे टोळी आपल्या फडात असताना आपल्याला सहज विचारता येते. किती टन भरले, उचलीतून किती फिटले, त्याची चिठ्ठी हातात आहे का, आणि प्यायच्या पाण्याची व बायांच्या आडोशाची सोय कोणी केली, एवढे विचारायला पाच मिनिटे पुरतात.