पगची धाप: आखूड नाकाच्या श्वानाची दमट हवेत निगा

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसलेले तामिळनाडूतील कुंभकोणम हे मंदिरांचे नगर आहे. भोवती पाण्याने भरलेली भातशेती आणि जवळच बंगालचा उपसागर असल्याने येथील हवा उष्ण तसेच दमट असते. अशा हवेत ‘पग’ या लहानखुऱ्या श्वानाचा सांभाळ करणे दिसते तितके सोपे नाही.

मूळचा चीनमधील हा श्वान पुढे युरोपात पोहोचला. भारतात २००३ मध्ये ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर तो घराघरांत परिचित झाला. साधारण सहा ते आठ किलो वजन, शांत स्वभाव आणि माणसांची ओढ यांमुळे लहान घरांतील कुटुंबांनी त्याला पसंती दिली.

धाप का लागते?

श्वानाला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकताना जीभ, तोंड आणि नाकातील ओलाव्याचे बाष्पीभवन होते व त्यातून शरीर थंड होते. पगच्या बाबतीत निवडक पैदाशीमुळे चेहऱ्याची हाडे आखूड झाली, मात्र आतील मऊ भाग त्या प्रमाणात कमी झाला नाही. परिणामी नाकपुड्या अरुंद राहतात आणि टाळूचा लांबलेला मऊ भाग श्वासमार्गात येतो. हवा दमट असेल तर बाष्पीभवनही मंदावते. म्हणूनच पारा फारसा चढलेला नसतानाही हा श्वान संकटात सापडू शकतो.

त्याचे घोरणे अनेकांना गमतीचे वाटते. प्रत्यक्षात ते श्वासमार्गातील अडथळ्याचे लक्षण असू शकते. थोडे चालताच थांबणे, झोपेत दचकून उठणे किंवा खाताना उलटी होणे असे प्रकार वारंवार घडत असल्यास पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. गरजेनुसार शस्त्रक्रियेने नाकपुड्या रुंद करता येतात आणि टाळूचा वाढीव भाग कमी करता येतो.

दैनंदिन काळजी

फिरणे पहाटे किंवा रात्री, तेही थोडा वेळच असावे. रस्त्यावर हाताची मागची बाजू काही सेकंद टेकवता येत नसेल, तर तो त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा वापरावा. कुंभकोणमच्या जुन्या अग्रहारांतील घरांत मधला चौक आणि ओसरी यांमुळे हवा खेळती राहते. बंद सदनिकेत मात्र पंखा व सावलीची जागा आवश्यक ठरते. बंद मोटारीत त्याला क्षणभरही सोडू नये.

वजनावर नियंत्रण हा सर्वांत स्वस्त उपाय होय, कारण वाढलेली चरबी श्वासाची अडचण अधिक वाढवते. चेहऱ्यावरील वळ्या रोज पुसून कोरड्या ठेवाव्यात. डोळे बाहेर आलेले असल्याने त्यांना सहज इजा होते. डोळा लाल दिसल्यास विलंब करू नये. गोचीड प्रतिबंध आणि रेबीजची लस चुकवू नये.

उष्माघात झाल्यास

जीभ जांभळट होणे, तोल जाणे, दाट लाळ गळणे ही धोक्याची चिन्हे आहेत. श्वानाला लगेच सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी ओतून पंखा लावावा आणि पशुवैद्यकाकडे पोहोचवावे. तोंडात बळेच पाणी ओतू नये तसेच माणसांची तापाची औषधे देऊ नयेत.

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्या औषधांवरही काम होत असे. आज त्याच जिल्ह्यातील ओरत्तनाडू येथे २०१२ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

घेण्यापूर्वी विचार

तामिळनाडू सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या श्वान पैदास धोरणात हवामान न मानवणाऱ्या ११ विदेशी जातींच्या पैदाशीला मनाई करण्यात आली होती. त्यांत पगचाही समावेश होता. घरात आधीच असलेल्या पगला जपणे हे आपले कर्तव्यच आहे. नवे पिल्लू आणू इच्छिणाऱ्यांनी मात्र त्याच्या आई-वडिलांचा श्वास ऐकावा. तो मोकळा नसेल, तर त्या पिल्लाला आयुष्यभर श्वासासाठीच झगडावे लागण्याची शक्यता असते.